बंद यंत्रांचे लाइटबिल

रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद झालेला नसतो. पडदा काळा होतो, चर्चेत भांडणाऱ्या चार डोक्यांचा आवाज थांबतो, घरातल्यांना पुन्हा एकमेकांचे बोलणे ऐकू येऊ लागते. पण पेटीच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका जागाच राहतो. या अवस्थेला स्टँडबाय म्हणतात. यंत्र काम करीत नाही, मात्र सांगताक्षणी करता यावे म्हणून ताटकळत असते आणि त्या ताटकळण्याची वीज मीटरवर चढत राहते. साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसलेल्या शिपायाचाच हा प्रकार. घंटा दिवसातून दोनदा वाजते, पगार मात्र महिन्याचा पूर्ण निघतो.

नुसते ताटकळायला वीज कशाला लागते, हे यंत्राच्या पोटात डोकावल्यावर कळते. भिंतीतून येते ती 230 व्होल्टची एसी वीज. आतल्या चिपांना लागते ती पाच किंवा बारा व्होल्टची डीसी. हा बदल करणारा भाग म्हणजे पॉवर सप्लाय. रिमोटचा इशारा टिपणाऱ्या डोळ्याची भूक अगदीच चिमणीएवढी असते, पण त्याच्यापर्यंत घास पोहोचवायला पॉवर सप्लाय चोवीस तास जागा ठेवावा लागतो आणि वाढपी स्वतः उपाशी राहत नाही. जुन्या यंत्रांत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असे. ते यंत्र न वापरता पडून असले तरी मागच्या अंगाला कोमट लागे आणि घरातले मांजर थंडीत नेमके तिथे जाऊन झोपे. वीजगळती शोधण्याचे इतके स्वस्त उपकरण पुन्हा बाजारात आलेले नाही.

लाल ठिपका बिचारा या सगळ्यात निर्दोष आहे. त्या एलईडीला साधारण वॅटच्या शंभराव्या भागाएवढी वीज पुरते. घरातला सगळा राग निघतो तो मात्र त्याच्यावरच, कारण दिसतो तोच. खरे खाणारे बहुधा काळोखात बसून खातात.

कोण किती खाते हे ठरवायला एक आकडा पाठ असला की भागते. वर्षात 8760 तास असतात. त्यामुळे एक वॅटचे यंत्र वर्षभर अखंड चालू राहिले तर 8.76 युनिट जळतात. सगळे आकार आणि शुल्क धरून युनिट आठ रुपयांना पडते असे मानले, तर हिशेब सोपा होतो: एक वॅट, एक वर्ष, सत्तर रुपये. हा पाढा येणाऱ्या माणसाशी घरात वाद घालणे जड जाते. म्हणून बहुतेक घरांत तो कोणी शिकत नाही.

या उधळपट्टीकडे जगाचे लक्ष गेले ते गेल्या शतकाच्या शेवटी. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेचे ॲलन मायर यांनी 1998 साली सुचवले, की कोणत्याही यंत्राने स्टँडबायमध्ये एक वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये. पुढे कॅलिफोर्नियातल्या दहा घरांत प्रत्यक्ष मोजमाप झाले. ताटकळणाऱ्या यंत्रांची वीज कुठे 14 वॅट भरली, कुठे 169, आणि सरासरी आली 67 वॅट. पाढ्याला लावून पाहिल्यास वर्षाचे 587 युनिट होतात. महिन्याला शंभर युनिटांत भागवणाऱ्या मराठी घराचे तेवढ्यात जवळजवळ सहा महिने निघतात, पंखे, फ्रिज आणि दूरच्या नात्यातल्या पाहुण्यांच्या आंघोळी यांसकट. 2001 साली अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सरकारी कार्यालयांना हुकूम काढला, की मिळत असतील तर एक वॅटच्या आतलीच यंत्रे घ्यावीत. युरोपीय संघाने 2010 पासून साध्या स्टँडबायला एक वॅटची मर्यादा घातली आणि 2013 पासून ती अर्ध्यावर आणली. कंपन्या एकच माल देशोदेशी विकत असल्याने त्याचा फायदा न मागता इथेही पोहोचला. आजचा चांगला टीव्ही स्टँडबायमध्ये अर्ध्या वॅटच्या आत राहतो, म्हणजे वर्षाला 35 रुपयांच्या आत. ज्याच्यावरून घरात रोज रात्री तोंड वाजते तो टीव्ही असा पुराव्याअभावी सुटतो.

भारतीय घराला या लढाईत एक हत्यार फुकट मिळालेले आहे. इथे प्रत्येक सॉकेटशेजारी बटण असते. अमेरिकेत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत सॉकेटला बटणच नसते. तिथल्या माणसाला यंत्र पुरते बंद करायचे तर वाकून पिन उपसावी लागते. इथे बोटाने खटका पाडला की स्टँडबायची सगळी समस्या संपते. म्हणजे संपली असती. पण फ्लॅट घेतला की पहिल्या वर्षी हॉलमध्ये फर्निचर होते. सुतार आणि इंटिरिअरवाला मिळून ज्या भिंतीवर टीव्हीचा बोर्ड आहे नेमक्या त्याच भिंतीला सनमायकाचे भले मोठे युनिट ठोकतात. त्यानंतर ते बटण दिसत नाही, सापडत नाही, आणि सापडले तरी तिथपर्यंत हात पोहोचतो तो फक्त घरातल्या सात वर्षांखालच्या सभासदाचा, ज्याला विजेच्या बटणांना हात लावायची सक्त मनाई असते.

त्या युनिटच्या पोटात, टीव्हीच्या खाली, खरा खादाड बसलेला असतो. त्याचे नाव सेट टॉप बॉक्स. मुंबईत केबलचे डिजिटायझेशन 2012 च्या ऑक्टोबरअखेर सक्तीचे झाले, पुणे, नागपूर, नाशिक वगैरे शहरांत पुढच्या मार्चअखेर. तोपर्यंत थेट टीव्हीत खोचलेल्या केबलच्या वायरीवर भागत असलेल्या घराघरांत ही पेटी शिरली. रिमोटचे बटण दाबले की तिच्यावरचा हिरवा दिवा लाल होतो, आणि जुन्या साध्या पेट्यांत बदल घडतो तो जवळजवळ एवढाच. चित्र बाहेर पाठवणे थांबते. आतला ट्यूनर, प्रोसेसर, सिग्नल उलगडणारी सगळी फौज कामावरच असते. चालू असताना दहा वॅट घेणारी पेटी ‘बंद’ असताना त्यातला एखाद-दुसरा वॅट सोडते. मध्यरात्री तिच्यावर हात ठेवून पाहावा. घरातल्या सगळ्यांपेक्षा तिचे अंग गरम लागते.

दहा वॅट म्हणजे काही फार नाही, असे वाटते खरे. पण चोवीस तासांचे 240 वॅट-तास होतात, आणि तेवढ्यात तीस वॅटचा, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा रात्रभर आठ तास फिरतो. वर्षाचे झाले सातशे रुपये. त्यातली निम्म्याहून बरीच जास्त रक्कम पेटीकडे कोणी बघत नसताना खर्च झालेली असते. बेडरूममध्ये दुसरी पेटी असेल तर दुसरे सातशे. ती आजारपणात आणि क्रिकेटच्या सामन्यावेळी मतभेद झाल्यास लागते.

मग रात्री झोपण्याआधी घरभर फेरी मारून बटणे पाडणारी ज्येष्ठ व्यक्ती काय करते? ही व्यक्ती बहुतेक घरांत असते, आजोबा म्हणून नाहीतर लवकरच आजोबा होऊ घातलेले बाबा म्हणून. फेरी स्वयंपाकघरातून सुरू होते. “मिक्सरचं बटण पुन्हा चालूच! कुणाच्या लक्षात कसं येत नाही?” मिक्सरचे बटण पडते. मिक्सरचा स्वतःचा खटका यांत्रिक असतो. तो शून्यावर असेल तर भिंतीवरचे बटण दहा वर्षे चालू ठेवले तरी मिक्सर काही खात नाही. टेबलफॅन आणि टोस्टर यांचेही तेच. बोर्डावरचा तांबडा इंडिकेटर तेवढा लुकलुकत असतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मिक्सर उभा राहतो. पुढचा मुक्काम मोबाइलचा चार्जर. “फोन काढून नेला, चार्जर तसाच लोंबतोय!” जुन्या जड चार्जरच्या काळात हा राग रास्त होता, ते एक-दोन वॅट सहज घेत. आताचा बरा चार्जर मोकळा असताना वॅटचा दहावा भाग घेतो. वर्षाचे सात रुपये, अर्धा वडापावही येणार नाही. फेरी हॉलमध्ये येते, टीव्हीवर रिमोट रोखून लाल ठिपका झाल्याची खात्री होते, आणि सकाळी सातच्या प्रवचनाला उशीर नको म्हणून सेट टॉप बॉक्स तेवढा चालू ठेवून रात्रीचा बंदोबस्त पूर्ण होतो.

मायक्रोवेव्हची गोष्ट वेगळ्या कारणाने बघण्यासारखी आहे. त्याच्या पडद्यावर घड्याळ असते आणि ते चालवायला दोन-तीन वॅट जातात. तीन वॅट धरले तर दिवसाचे 72 वॅट-तास. मायक्रोवेव्ह चालताना बाराशे वॅट घेतो असे धरल्यास तेवढ्याच विजेत तो साडेतीन मिनिटे चालतो. ज्या घरात तो दिवसातून एकदा दूध कोमट करण्यापुरता वापरला जातो, तिथे ते यंत्र भट्टी म्हणून कमी आणि घड्याळ म्हणून जास्त वीज खाते. शिवाय लाइट एकदा गेली की ते बाराच्या ठोक्यावर जाऊन लुकलुकत बसते. ते पुन्हा लावायची रीत पुस्तिकेत असते आणि पुस्तिका दिवाणाच्या आत.

इन्व्हर्टर हे भारनियमनाच्या काळाने मागे ठेवलेले स्मारक. रोज काही तास लाइट जाण्याच्या दिवसांत ते आले, बॅटरीला पॅसेजमध्ये जागा मिळाली, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बाल्कनीत स्थिरावला. पुढे लाइट जाणे कमी झाले, इन्व्हर्टर राहिला. भरलेली बॅटरी भरलेलीच राहावी म्हणून तो रात्रंदिवस थोडी थोडी वीज पाजत असतो आणि त्याचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर वर आणखी थोडी पितो. त्याची बारीक घरघर घरच्यांच्या कानाला इतकी सवयीची झालेली असते, की ती थांबली तरच झोपमोड होते. त्याची पिन मात्र काढून ठेवता येत नाही. लेड-ॲसिड बॅटरी महिनोन्‌महिने चार्ज न करता ठेवली तर ती बसते. इन्व्हर्टरला सुटी देता येत नाही, निवृत्त तेवढे करता येते, आणि विकून टाकण्याचा विषय कोणी काढला की त्याच संध्याकाळी डीपीवर काहीतरी उडून दोन तास अंधार होतो. ज्या भागात लाइट अजूनही नेमाने जाते तिथे ही चर्चाच फिजूल.

एसीचे प्रकरण त्या मानाने सरळ. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत अनेक घरांत तो चालत नाही, पण रिमोटची वाट बघत दोन-तीन वॅट घेत राहतो. शेजारचा स्टॅबिलायझर चालू असेल तर त्याचे वेगळे. पहिल्या पावसानंतर एसीच्या पॉइंटचे बटण पाडायचे आणि होळीला उघडायचे. वर्षातून दोन वेळा बोट उचलून होणारी याहून सोपी बचत घरात नाही. रिमोटमधले सेल मात्र त्याच दिवशी काढून ठेवावेत, नाहीतर होळीला रिमोट उघडल्यावर आत पांढरी-हिरवी पूड निघते.

काटेकोर व्याख्या केली तर गिझर स्टँडबायमध्ये बसत नाही. पण चालू ठेवून विसरण्याच्या स्पर्धेत त्याला हरवणारे यंत्र घरात दुसरे नाही, म्हणून त्याला वगळणे अन्याय होईल. साठवणीचा गिझर पाणी तापवून थांबतो, पाणी टाकीतल्या टाकीत निवू लागते, थर्मोस्टॅट पुन्हा तापवतो, आणि हे कोणी आंघोळ करो वा न करो चालू राहते. या निवण्यातून जाणाऱ्या विजेवरच ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो गिझरला तारे देतो. पंचवीस लिटरचा गिझर दिवसभर चालू राहिला तर अर्धा ते एक युनिट असे हवेत जाते. ते रोज घडत असेल तर त्या एका बटणामागे दोनशे ते चारशे चार्जर लोंबत ठेवल्यासारखे होते. चार्जरवरून मुलांना फैलावर घेणारे घर गिझरबद्दल “असू दे, दुपारी भांड्यांना गरम पाणी लागेल” एवढेच बोलते.

आपल्या घरात नेमके किती वॅट ताटकळतात, हे कुणाला विचारायची गरज नाही. ते मीटर सांगतो. जुन्या मीटरमधली ॲल्युमिनियमची तबकडी अगदी थोड्या विजेला दाद देत नसे, जागची हलतही नसे. ‘जुना मीटर चांगला होता’ या सार्वत्रिक तक्रारीत एवढा अंश खरा आहे. इलेक्ट्रॉनिक मीटर चार वॅटही सोडत नाही. त्याच्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक होते तो आकडा छापलेला असतो, पुष्कळ मीटरांवर 3200. घरातले दिवे, पंखे बंद करायचे, फ्रिजचे बटण पाच मिनिटांसाठी पाडायचे, बाकी यंत्रे रिमोटने ‘बंद’ ठेवायची आणि दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोजायचे. 3200 च्या मीटरला 1125 भागिले सेकंद केले की वॅट मिळतात. पंचेचाळीस सेकंद लागले तर 25 वॅट, म्हणजे वर्षाला साडेसतराशे रुपये.

कागदावर हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे. सोसायटीत मीटर असतात जिन्याखालच्या खोलीत, कोळिष्टकांमागे, दोन डझन एका ओळीत. त्यांतला आपला कोणता हे खडूने लिहिलेले असते आणि त्यावरून रंगाचा हात फिरलेला असतो. मोबाइलचा टॉर्च मारून कोणी तिथे उभा राहिलेला दिसला की येणारा-जाणारा प्रत्येक जण “लाइट गेली का?” असे विचारून थांबतो, आणि सेकंद मोजणे पुन्हा एकपासून सुरू होते. वर घरात एक माणूस आणि खाली एक अशी फोनवर जोडी जमवावी लागते. “आता राउटर काढ,” असे खालून सांगितले की वरचा राउटर काढतो आणि वायफायवरून चाललेला कॉल तुटतो. तरीही प्रयोग करावाच. एकेक पिन काढत गेले, की लुकलुक कोणत्या पिनेला मंदावते ते दिसते आणि ती पिन बहुधा ज्याच्यावर संशय होता त्याची नसते.

बिलावर याचा परिणाम किती, याबद्दल समजुती फार. महावितरणच्या घरगुती दरांत शंभर युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 पर्यंत दुसरा, पुढे 500 पर्यंत आणि त्याहून वर आणखी दोन. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळेच बिल महाग होते, अशी पक्की समजूत घराघरांत आहे आणि महिनाअखेरीस ती इस्त्रीचे कपडे बाहेर द्यायला लावते. प्रत्यक्षात वाढीव दर लागतो तो शंभराच्या वरच्या युनिटांनाच. समजूत चुकीची असली तरी तिच्यात एक मेख आहे. ताटकळणाऱ्या यंत्रांची वीज वाचली तर ती कमी होते वरच्या, महागड्या टोकाकडून. मग त्यावरचा वहन आकार, इंधन समायोजन आणि 16 टक्के वीज शुल्कही सुटते. म्हणून 98 वर थांबणाऱ्या घरापेक्षा 130 ला जाणाऱ्या घराला सेट टॉप बॉक्सचे बटण पाडण्यात जास्त फायदा आहे, आणि सगळ्यांत कसोशीने बटणे पाडतात ती 98 वालीच.

उपाय करायचा तर सुतारकामाच्या आत हात घालण्याची गरज नाही. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार अशी एका कामाची मंडळी एकाच स्पाइक गार्डवर घ्यायची आणि त्याचे बटण युनिटच्या बाहेर, हाताला येईल असे ठेवायचे. रात्री एक खटका, सकाळी एक. सकाळी पेटी जागी व्हायला मिनिट-दोन मिनिटे घेते. तेवढ्यात मालिकेचे शीर्षकगीत हुकेल अशी भीती असते, पण हुकतात त्या जाहिराती. गावाला पंधरा-वीस दिवस जाऊन आल्यावर काही पेट्या चॅनेल दाखवायला नकार देतात, तेव्हा केबलवाल्याला ‘रिफ्रेश मारा’ असा फोन करावा लागतो. वळिवाच्या दिवसांत या सवयीचा वेगळा फायदा होतो. आभाळ गडगडू लागले की कोकणातली जुनी माणसे धावत जाऊन टीव्हीची पिन आणि केबलची वायर उपसतात. विजेच्या लोटाने पेटी आणि टीव्ही एकदम जाण्याचा खर्च दहा वर्षांच्या स्टँडबायपेक्षा मोठा असतो.

काही यंत्रांना मात्र हात लावू नये. फ्रिजला नाहीच. राउटर स्टँडबायमध्ये नसतो, कामावर असतो. आठ वॅटचे वर्षाला साडेपाचशे रुपये तो घेतो आणि रात्री तो बंद करण्याचा ठराव कॉलेजात जाणारी पिढी कधीच मंजूर होऊ देत नाही. इंकजेट प्रिंटर भिंतीवरून बंद केला तर पुढच्या वेळी उठताना तोंड धुतल्यासारखी शाई खर्च करून नळ्या साफ करतो, आणि त्या शाईचा भाव पाहता विजेची बचत त्यात बुडते. बटण बंद असूनही रात्री एखादा एलईडी बल्ब मंद उजळत असेल, तर त्यात भुताटकी नाही आणि विजेचा खर्चही नाही. बटणातल्या इंडिकेटरमधून झिरपणारी वीज त्याला तेवढी पुरते, किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असते. हे दुसरे धोक्याचे आहे. तिथे भगत नको, वायरमन बोलवावा.

हे सारे बोटाने करायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी बाजारात स्मार्ट प्लग आला आहे. तो सॉकेट आणि यंत्र यांच्या मध्ये बसतो आणि मोबाइलवरून यंत्राची वीज तोडतो. मोबाइलचा हुकूम कोणत्याही क्षणी येईल म्हणून तो स्वतः वायफायला कान लावून चोवीस तास जागा असतो आणि त्यासाठी साधारण एक वॅट घेतो. सेट टॉप बॉक्सवर तो लावला तर फायदा आहे. अर्ध्या वॅटच्या नव्या टीव्हीवर लावला तर वाचलेल्या 35 रुपयांमागे वर्षाला सत्तर रुपये जातात, प्लगची किंमत वेगळी, आणि चालू असल्याची खूण म्हणून त्याच्यावरही एक दिवा असतो.